७२ व्होल्टच्या इलेक्ट्रिक मोटारसायकलवर ऑनबोर्ड (गाडीवरच बसवलेला) चार्जर: ३ किलोवॅटचा एक, की दीडचे दोन?

तुमचा बॅटरी पॅक एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट लिथियम) सेलचा, २० सिरीज (एकामागोमाग जोडलेले २० सेल), ६० अँपिअर-अवर. मी दीड किलोवॅटचे दोन घेईन. मात्र किलोवॅटवरून सुरुवात करू नका. आधी सेलला किती करंट चालतो आणि प्लग कुठल्या सॉकेटमध्ये जाणार, हे बघा.

२० सिरीज म्हणजे सेलला ४.२ प्रमाणे फुल चार्जला ८४ व्होल्ट. ‘७२ व्होल्टचा चार्जर’ एवढंच सांगून मागवू नका. २४ सिरीज एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅकसाठीचा ८७.६ व्होल्टचा चार्जरही याच नावाने विकतात, आणि तो तुमच्या सेलला ४.३८ व्होल्टपर्यंत ताणेल. ऑर्डर देताना फुल चार्ज व्होल्टेज ८४.० असं लिहूनच घ्या.

डेटाशीटमध्ये नेहमीच्या चार्जिंगसाठी ०.५ सी (क्षमतेच्या आकड्याच्या निम्मा करंट) दिलं असेल तर ३० अँपिअर मिळतात. ८४ गुणिले ३०, म्हणजे साधारण २५२० वॅट. कार्यक्षमता ९२ टक्के धरली तर सॉकेटमधून २७४० वॅट, २३० व्होल्टवर जवळपास १२ अँपिअर. १६ अँपिअरच्या सॉकेटला हे झेपतं. लहान सॉकेट असेल तर दोनपैकी एकच चार्जर, १५ अँपिअरवर, चालू ठेवायचा: २३० व्होल्टवर ६ अँपिअर, १२० व्होल्टवर साडेअकरा. दोन घेण्याचं खरं कारण हेच. शिवाय एक बिघडला तरी गाडी अडून राहत नाही.

दोन चार्जर पॅरलल जोडले की शेवटी एकाचा दिवा आधी हिरवा होतो. सेटिंगमध्ये दोन-तीन दशांश व्होल्टचा फरक असतो, म्हणून. तो बिघाड नाही. खरा घोळ कॅनवर, म्हणजे चार्जर आणि बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) यांच्यातल्या मेसेजच्या लाइनवर होतो. दोन्ही चार्जरना एकच आयडी असेल तर बीएमएसने ३० अँपिअर मागितले की दोघेही आपापल्या मर्यादेपर्यंत ३०च द्यायला बघतात. त्यामुळे मागणी १५ची ठेवा आणि दुसरा चार्जर वेगळ्या आयडीचा मागवा, नाहीतर दोघांचे स्टेटस मेसेज एकमेकांवर आदळतात. कॅन नसेल तर निदान एनेबल वायर (बाहेरून चार्जर चालू-बंद करणारी) असलेला चार्जर घ्या. एक सेल वर गेला किंवा पॅक ० अंशाखाली असला की चार्जिंग थांबवणं बीएमएसच्या हातात हवं.

गाडीला टाइप २ (ईव्ही चार्जिंग स्टेशनच्या प्लगचं) सॉकेट लावणार असाल तर पायलट लाइनवर (स्टेशनशी बोलणाऱ्या सिग्नल वायरवर) डायोड आणि २.७४ किलोओहमचा रेझिस्टर लागतो, त्यावर १.३ किलोओहम पॅरलल आला की पायलट ६ व्होल्टवर येतो आणि मगच स्टेशन वीज सोडतं. किती करंट ओढायची मुभा आहे ते पायलटच्या ड्यूटी सायकलवरून (सिग्नल किती टक्के वेळ चालू असतो त्यावरून) कळतं: टक्के गुणिले ०.६. साधा चार्जर हे वाचत नाही. २० टक्के म्हणजे १२ अँपिअर, तुमच्या दोन चार्जरच्या जेमतेम वर. स्टेशन त्याहून कमी देत असेल तर एक बंद ठेवावा लागेल.

उष्णता मात्र सगळेच विसरतात. वरच्या हिशेबात २२० वॅट चार्जरमध्येच जळतात, तेही गाडी उभी असताना, म्हणजे वाऱ्याविना. एपॉक्सी भरलेला, ॲल्युमिनियम बॉडीचा, फॅन नसलेला चार्जर पाणी आणि हादरे दोन्ही सोसतो; पण तो सीटखाली कोंडला की तापून करंट कमी करतो. बॉडीवरचे उष्णता सोडणारे पंख उभे ठेवा, बाजूने हवा खेळू द्या. फॅनवाला स्वस्त पडतो, पण धुळीने फॅनच आधी जातो.

आउटपुट आयसोलेटेड (सॉकेटच्या विजेपासून वेगळं) आहे ना, हे विचाराच. अर्थ फ्रेमला जोडा. दोन्ही चार्जरच्या एकत्रित डीसी लाइनला ६ चौरस मिमीची वायर पुरते. बॅटरीच्या बाजूला ४० अँपिअरचा फ्यूज हवा, किमान १०० व्होल्ट डीसी रेटिंगचा. कारमधला ३२ व्होल्टचा पट्टी-फ्यूज वितळला तरी आत आर्क (ठिणगीतून वाहणारा करंट) चालूच राहू शकतो.