वर्षाला २० मिलिसिव्हर्ट: हा आकडा येतो कुठून?

प्रश्न: मी क्ष-किरण तंत्रज्ञ आहे. कर्मचाऱ्यांसाठी किरणोत्सर्गाची मर्यादा वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) आणि सामान्य नागरिकांसाठी १ मिलिसिव्हर्ट, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले जाते. हे आकडे नेमके कोण ठरवते? शरीर सर्वांचे सारखेच असताना मर्यादेत वीसपट फरक का? आणि ज्या रुग्णाचा मी सीटी स्कॅन करते, त्याला मर्यादाच का नाही?

उत्तर: आपल्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. हे आकडे प्रयोगशाळेत सापडलेले नाहीत. किती मात्रेने किती धोका वाढतो हे विज्ञान सांगते, परंतु त्यातला किती धोका चालवून घ्यायचा हे माणसे बसून ठरवतात. म्हणूनच ही कामे वेगवेगळ्या संस्थांकडे सोपवलेली आहेत.

पहिले काम पुरावा तपासण्याचे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९५५ मध्ये अणुकिरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणारी एक वैज्ञानिक समिती स्थापन केली. जगभरच्या संशोधनाची छाननी करून ती अहवाल देते, मर्यादा मात्र सुचवत नाही. या पुराव्यातला सर्वांत वजनदार भाग हिरोशिमा आणि नागासाकी येथील सुमारे १ लाख २० हजार लोकांच्या दीर्घकालीन पाहणीतून आलेला आहे.

दुसरे काम शिफारशीचे. ते आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोग करतो. १९२८ मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या क्ष-किरणतज्ज्ञांच्या परिषदेत या आयोगाचा जन्म झाला. तो कोणत्याही सरकारचा भाग नाही आणि त्याची शिफारस कोणावरही बंधनकारक नाही, तरीही जवळजवळ प्रत्येक देशाचा नियम त्याच्याच अहवालांवर बेतलेला असतो. अधिकार नसताना एवढे वजन असलेली संस्था विरळाच म्हणावी लागेल.

सुरुवातीच्या काळात मर्यादा कशी ठरत असे, हे पाहिल्यावर आजच्या आकड्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. त्या काळचे तंत्रज्ञ क्ष-किरण निर्माण करणारी नळी नीट चालते का हे पाहण्यासाठी स्वतःचाच हात किरणांसमोर धरत, आणि कातडी लाल होणे हेच मात्रेचे माप असे. १९२५ मध्ये आर्थर मुशेलर यांनी काही क्ष-किरण विभागांतील धडधाकट दिसणाऱ्या कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या मात्रेचा अंदाज घेतला आणि कातडी लाल करणाऱ्या मात्रेचा शंभरावा भाग ३० दिवसांत मिळाला तर तो सोसता येईल, असे सुचवले. १९३४ मध्ये दिवसाला ०.२ राँटजेन (क्ष-किरणांच्या मात्रेचे तेव्हाचे एकक) ही आंतरराष्ट्रीय शिफारस आली. आजच्या एककात ढोबळ हिशेब केला, तर ती वर्षाला ५०० मिलिसिव्हर्टच्या आसपास जाते. ‘सोसता येणारी मात्रा’ या शब्दांमागे, विशिष्ट पातळीखाली काहीच अपाय होत नाही, असा समज होता. कर्करोगाच्या बाबतीत अशी खात्रीची पातळी दाखवता येत नाही, हे पुढे लक्षात आले. तेव्हापासून मात्रा जितकी कमी तितका धोका कमी, पण शून्य नव्हे, असे धरून चालण्याची पद्धत रूढ झाली. आपला २० चा आकडा १९९० च्या शिफारशीतला आहे: ५ वर्षांची सरासरी २०, आणि कोणत्याही एका वर्षात ५० पेक्षा अधिक नाही. संपूर्ण नोकरीच्या काळात एकूण मात्रा साधारण १ सिव्हर्टच्या (म्हणजे १००० मिलिसिव्हर्टच्या) पुढे जाऊ नये, हा त्यामागचा हिशेब होता.

आता वीसपट फरकाविषयी. कर्मचारी प्रौढ असतो, त्याला धोक्याची माहिती व प्रशिक्षण दिलेले असते आणि त्याच्या छातीवरचा, मात्रा नोंदवणारा बॅज ठरावीक मुदतीने तपासला जातो. नागरिकांत तान्ही बाळे येतात, त्यांना जन्मभर किरणोत्सर्ग मिळू शकतो, आणि त्यांना कोणी विचारलेलेही नसते. निसर्गातून, रेडॉन वायू वगळता, वर्षाला साधारण १ मिलिसिव्हर्ट मात्रा प्रत्येकाला मिळतेच. मानवनिर्मित स्रोतांनी त्यात फार तर तेवढीच भर घालावी, हा विचारही १ या आकड्यामागे होता. कर्मचारी गरोदर असल्याचे कळवते तेव्हा उरलेल्या काळात गर्भाची मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवण्याची शिफारस आहे, म्हणजे एकाच देहात दोन मर्यादा लागू होतात. फरक शरीराचा नसून संमतीचा आणि देखरेखीचा आहे, हे यापेक्षा नेमकेपणाने सांगता येणार नाही.

यानंतर व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था जागतिक आरोग्य संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना इत्यादींच्या सहभागाने या शिफारशींना नियमांच्या भाषेतील मूलभूत सुरक्षा मानकांचे रूप देते. मसुदा सदस्य देशांकडे अभिप्रायासाठी जातो. सध्याची मानके २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. कायद्याचे बळ मात्र प्रत्येक देशाची नियामक संस्थाच देते, आणि तिथे वाटा फुटतात: अमेरिकेत कर्मचाऱ्यांची मर्यादा आजही वर्षाला ५० मिलिसिव्हर्ट आहे, तर जर्मनीत सरासरीची सवलत न घेता दरवर्षी २० धरली जाते.

पुरावा बदलला की आकडा बदलतो. मोतीबिंदू पूर्वी समजत होते त्यापेक्षा कमी मात्रेनेही होतो असे दिसल्यावर एप्रिल २०११ मध्ये आयोगाने डोळ्याच्या भिंगाची मर्यादा वर्षाला १५० वरून सरासरी २० मिलिसिव्हर्टवर आणली. अँजिओप्लास्टी करताना तासन्‌तास नळीजवळ वाकून उभे राहणाऱ्या डॉक्टरांना याची सर्वाधिक झळ बसली, कारण शिशाच्या ॲप्रनखाली लावलेला बॅज डोळ्यांना किती मात्रा मिळाली हे सांगत नाही.

राहिला रुग्ण. धोका आणि लाभ दोन्ही त्याच्याच पदरात पडतात. सरसकट मर्यादा घातली, तर आवश्यक असलेला तिसरा स्कॅन केवळ आकड्यासाठी नाकारावा लागेल. म्हणून तिथे तपासणी खरोखर हवी आहे का हा प्रश्न आधी विचारला जातो आणि मग प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी ठरवलेल्या संदर्भ पातळीशी यंत्रावरील मात्रा ताडून पाहिली जाते. आपल्या यंत्रावर ती मात्रा नेहमीच संदर्भ पातळीच्या वर येत असेल, तर रुग्णाला दोष देण्याचे कारण नाही, तपासणीची पद्धत तपासावी.