हॉप्सच्या अर्काला झोन आला नाही, विषय सोडू का?

प्रश्न : मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वनस्पतीची) वाळलेली फुले पाण्यात उकळून अर्क काढला आणि ई. कोलाय या जंतूवर अर्काची कागदी डिस्क लावली. झोन, म्हणजे डिस्कभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ, आलाच नाही. गटातले सगळे म्हणतात, विषय बदल. मला मात्र वनस्पतींमधल्या जंतुरोधक संयुगांवरच पुढे काम करायचे आहे. एम.एस्सी.ला काय घेऊ?

उत्तर : विषय बदलू नकोस. झोन का आला नाही ते आधी समजून घे, एम.एस्सी.ला काय घ्यायचे याचे उत्तर त्यातच आहे.

हॉप्सच्या मादी फुलोऱ्याचा एक खवला उचलून पाहा, बुडाशी पिवळी चिकट भुकटी दिसेल. तिला ल्युप्युलिन म्हणतात. ह्युम्युलोनसारखी अल्फा आम्ले, ल्युप्युलोनसारखी बीटा आम्ले आणि झँथोह्युमॉल हे सगळे तिच्यात असते, आणि पाण्यात यातले फारच थोडे उतरते. उकळताना अल्फा आम्लांची आयसो-अल्फा आम्ले होतात, ती त्यातल्या त्यात विरघळतात. जंतूंवर जास्त प्रभावी असलेली बीटा आम्ले बहुतेक चोथ्यातच राहतात. म्हणजे कामाचा माल तू गाळून टाकून दिलास.

दुसरी अडचण जंतूची. ही आम्ले पेशीपटलात शिरून प्रोटॉन आत सोडतात, आत-बाहेरच्या पीएचमधला फरक मोडतात आणि पेशीला अन्न ओढून घेता येत नाही. ई. कोलाय ग्रॅम निगेटिव्ह आहे, म्हणजे त्याला बाहेरून आणखी एक पटल असते. हे बाहेरचे पटल अशा तेलकट रेणूंना अडवते. शिवाय हे रेणू अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) नीट पसरत नाहीत, त्यामुळे चांगला अर्कसुद्धा डिस्कभोवती लहानसाच झोन देतो.

आता असे कर. अर्क इथेनॉलमध्ये काढ, कमी तापमानाला वाळव, काळ्या बाटलीत उणे 20 अंशांवर ठेव. उघडी राहिली तर बीटा आम्ले हवेने लवकर बिघडतात. जंतू बॅसिलस सबटिलिस घे, तो ग्रॅम पॉझिटिव्ह आहे, त्याला ते बाहेरचे पटल नसते. डिस्कऐवजी 96 वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, काढ. डीएमएसओ या द्रावकात 25.6 मिग्रॅ प्रति मिलीचा साठा करून तो म्युलर-हिंटन ब्रॉथ या पोषक द्रवात 50 पट पातळ कर. पहिल्या वेलमध्ये हे 100 मायक्रोलिटर, पुढच्या नऊत नुसता ब्रॉथ 50-50. मग 50 पुढे सरकवत जा आणि दहाव्यातून 50 फेकून दे. 0.5 मॅकफारलंड (गढूळपणाचे ठरलेले माप) इतका गढूळ जंतुद्रव 150 पट पातळ करून प्रत्येक वेलमध्ये 50 मायक्रोलिटर घाल. 256 पासून 0.5 मायक्रोग्रॅम प्रति मिलीपर्यंतची मालिका तयार होते, आणि डीएमएसओ कुठेही 1 टक्क्यावर जात नाही. अकराव्या वेलमध्ये फक्त जंतू, बाराव्यात फक्त ब्रॉथ. दुसऱ्या ओळीत 1 टक्का डीएमएसओसह जंतू हवाच, नाहीतर मारले कोणी, अर्काने की द्रावकाने, हे सांगता येणार नाही.

इथे बहुतेक जण एका ठिकाणी फसतात. जास्त मात्रेच्या वेलमध्ये दुधाळ गढूळपणा दिसतो आणि जंतू वाढले असे वाटते. प्रत्यक्षात संयुग द्रावणातून बाहेर पडलेले असते. रेझाझुरिन हा निळा रंग घातला की वाढ असलेली वेल निळ्याची गुलाबी होते. पण वनस्पतीतले काही घटक जंतूंशिवायही हा रंग बदलतात, म्हणून अर्क आणि रंग, जंतू नाही, अशी एक वेल ठेवच. जमल्यास पीएच 5.5 ला हीच प्लेट पुन्हा लाव. आम्ल वातावरणात हॉप्सची आम्ले जास्त काम करतात. त्या पीएचला जंतू नुसता वाढतो का, तेही वेगळे बघ.

आता एम.एस्सी.चे. तुझी अडचण अर्धी रसायनशास्त्राची होती. म्हणून मायक्रोबायोलॉजीच घे, पण जिथे नैसर्गिक संयुगांचे रसायनशास्त्र हा विषय निवडता येतो तिथे. प्रवेशाआधी तिथल्या विद्यार्थ्यांना विचार : एचपीएलसी (मिश्रणातली संयुगे वेगळी करून मोजणारे यंत्र) स्वतः चालवायला मिळते की लांबून दाखवतात? अर्कात कोणते संयुग किती आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याची एमआयसी कुणी गंभीरपणे घेत नाही.

हॉप्सपासून पोटात घ्यायचे प्रतिजैविक निघेल या आशेवर मात्र करिअर बेतू नकोस. ही आम्ले प्रथिनांना चिकटतात आणि रक्तद्रवात त्यांचा जोर ओसरतो. ती चालतात ती वेगळीकडे : मांसाच्या तयार पदार्थांत लिस्टेरिया हा जंतू रोखायला, बीटच्या कंदांपासून साखर काढताना जंतूंना आवरायला, मधमाश्यांवरच्या व्हरोआ या परजीवी माइटवर. अन्नसुरक्षा, किण्वन आणि गुणवत्ता नियंत्रणाच्या प्रयोगशाळांत हेच कौशल्य लागते. संशोधनच करायचे असेल तर बिअर नासवणाऱ्या लेव्हिलॅक्टोबॅसिलस (पूर्वीचे नाव लॅक्टोबॅसिलस) ब्रेव्हिस या जंतूकडे बघ. हॉर-ए हा पंप वापरून तो ही आम्ले पेशीबाहेर फेकतो. हा प्रतिकार कसा मोडायचा, हा एम.एस्सी.च्या प्रबंधाला पुरून उरेल असा प्रश्न आहे.