पाणी दिसायच्या आत

प्रिय बाळ,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. वडील म्हशी सोडून यायला तयार नाहीत, गल्लीतली पोरं तुला पळपुटा म्हणतात, आणि तू विचारतोस, "गुरुजी, पूर येणार म्हटल्यावर नक्की कधी निघायचं?"

पाणी दिसायच्या आत. उजेडात.

वडील म्हणतात, २००५ ला पाणी देवळाच्या पायरीशी थांबलं होतं. अरे, २०१९ ला अख्खा शिरोळ तालुका हेच म्हणत होता. भिंतीवरची २००५ ची खूण बघून माणसांनी धान्याची पोती त्याच्या वर हातभर चढवली आणि निवांत झोपली. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, त्याहूनही वर. आता तुमच्या भिंतीवर नवी खूण आहे. वडील तिच्यावर भरवसा ठेवणार, मला माहीत आहे.

दुसरं, "पाऊस उघडलाय, आता उतरेल" हे वाक्य मला ऐकवू नकोस. आपल्याकडं पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेला पुढं सरकायला जागा नसते, पाणी मागं फुगतं. वर राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, कुणाला विचारत नाहीत. आभाळ निरभ्र आणि पाणी चढतंय, असं असू शकतं. म्हणून आभाळ बघू नकोस, राजारामचा आकडा बघ. तो ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागला की वडिलांशी वाद बंद आणि जनावरं बाहेर. ४३ ची वाट बघायची नाही. तिथलं पाणी तुमच्या शिवारात यायला वेळ लागतो, तेवढाच वेळ तुझा.

तू पट्टीचा पोहणारा आहेस म्हणे. कुठल्या पाण्यात? उन्हाळ्यात डोहात पोहणं वेगळं. पुरात उसाच्या वर पाणी असतं, खाली काटेरी तारा, मोटारीच्या केबली, आणि कठडा नसलेली विहीर कुठं आहे ते तिच्या मालकालाही सांगता येत नाही. बंधाऱ्यावरून गाडी घालायची तर विचारसुद्धा नको. पाणी गुडघ्याएवढं दिसतं, पण खालचा भराव वाहून गेलेला असतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, हे तुला मीच शिकवलंय. परीक्षेपुरतं नव्हतं ते.

आणि होडी येईल म्हणून बसून राहणाऱ्यांना ब्रह्मनाळची आठवण दे. सांगली जिल्ह्यातलं गाव, ८ ऑगस्ट २०१९, पुरात होडी उलटून माणसं बुडाली. ती माणसं गाव सोडायलाच निघाली होती. चूक त्यांची म्हणत नाही मी, मुळीच नाही. पण चारही बाजूंनी पाणी आल्यावर होडी एक आणि माणसं शंभर, मग कोण कुणाला 'तू थांब' म्हणणार? होडी लागायची वेळच येऊ द्यायची नाही. पाणी दिसायच्या आत, म्हणतो ते याचसाठी.

माझ्या थोरल्या भावाला हे पटवता आलं नाही, ही सल आहे. तो पत्र्यावर बसून राहिला. जगला, पण दावणीची जनावरं गेली, आणि त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही. मला भाऊबंद अजून भित्रा मास्तर म्हणतात. एका वर्षी मी सगळं सामान हलवलं आणि पाणी आलंच नाही, तेव्हा चावडीवर माझी नक्कल झाली. होऊ दे. टेम्पोचं भाडं गेलं, एवढंच. पुढच्या वेळीही मी हलवणार.

म्हशींचं सांगतो, कारण खरी गाठ तिथं आहे. वडिलांना 'घर सोडा' म्हणू नकोस, भांडण होईल. 'म्हशी हलवू या' म्हण. म्हशी निघाल्या की ते त्यांच्या मागं येतातच. पाण्याच्या भीतीनं घाईत निघावं लागलंच तर दावी सोड, निदान कापून टाक. बांधलेलं जनावर पोहू शकत नाही.

माळावर माझ्या गोठ्यात तीन म्हशींची जागा आहे, वैरण आहे. धार काढायला वडील लागतील, तेव्हा त्यांनाही घेऊन ये. कागदपत्रं आणि आईच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. टेम्पोवाल्याला आजच सांगून ठेव, आकडा वाढला की तो फोन उचलत नाही.

तुझा,
गुरुजी