२ केबी रॅम आणि ई-पेपर: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये ई-पेपरचीच गर्दी आहे. ई-पेपर म्हणजे किंडलमध्ये असतो तसला डिस्प्ले, वीज काढून घेतली तरी चित्र जागेवरच राहतं. त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज एवढंच घेऊ.

प्रश्न: काका, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी कधी येणार आणि वरची टाकी किती भरलीय हे जो तो वॉचमनला विचारत असतो, म्हणून लिफ्टजवळ छोटा बोर्ड लावायचा म्हणतोय. २.९ इंची काळा-पांढरा ई-पेपर घेतला, घरात आर्डुइनो ऊनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड पडलेला होताच. पण मित्राच्या ईएसपी३२ बोर्डवर जे स्केच (म्हणजे प्रोग्राम) मस्त चाललं तेच माझ्याकडे कंपाइलच होत नाही, डेटा मेमरीत मावत नाही असं लाल अक्षरात येतं. ऊनो बाद का? लॅमिंग्टन रोडला जाऊन दुसरा बोर्ड आणू का? – एक विद्यार्थी, कळवा

उत्तर: अरे थांब, लगेच ट्रेन पकडू नकोस. आधी हिशोब कर. तुझा डिस्प्ले २९६ बाय १२८ पिक्सेलचा, म्हणजे ३७,८८८ ठिपके, एका ठिपक्याला एक बिट धरला तर ४,७३६ बाइट. ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपमध्ये रॅम आहे २,०४८ बाइट, आणि तीही सगळी तुझी नाही, सीरियल (कॉम्प्युटरशी बोलायची सोय) चालू केलं की त्याचेच येण्याजाण्याचे बफर, म्हणजे बाइट थांबवून ठेवायच्या जागा, मिळून १२८ बाइट जातात, फंक्शन चालताना लागणाऱ्या स्टॅकला जागा लागते ती वेगळीच. मित्राच्या ईएसपी३२ कडे ५२० केबी आहे, तिथे अख्खं चित्र रॅममध्ये ठेवलं तरी कोणाला कळत पण नाही. स्केच त्या हिशोबाने लिहिलेलं आहे, बोर्डाचा काही दोष नाही.

मुद्दा असा की चित्र ऊनोमध्ये अख्खं असायची गरजच नाही, कारण ई-पेपरच्या काचेवर जो कंट्रोलर चिप चिकटवलेला असतो ना, एसएसडी१६८० किंवा त्याच्या घरातला कुठलातरी, त्याच्याकडे स्वतःची रॅम असते आणि त्यात पूर्ण चित्र मावतं. तू एसपीआयवरून (बोर्ड आणि काच जोडणाऱ्या वायरींवरून) बाइट पाठवत राहायचे, ते तिथे जाऊन बसतात, आणि जोपर्यंत तू रिफ्रेशची कमांड देत नाहीस तोपर्यंत काचेवर काही म्हणजे काही हलत नाही. तवा एकच असला म्हणून वीस पोळ्या होत नाहीत असं नाही, एकेक भाजायची आणि डब्यात टाकायची, डबा तिकडे आहेच.

म्हणून चित्राचे पट्टे पाड. डिस्प्लेची मूळ रुंदी १२८ पिक्सेल, म्हणजे एका ओळीला १६ बाइट. ३७ ओळींचा पट्टा घेतलास तर ५९२ बाइट, आणि अशा ८ पट्ट्यांत २९६ ओळी बरोब्बर संपतात. जीएक्सईपीडी२ ही लायब्ररी हे काम आयतं करते, त्यात फर्स्टपेज आणि नेक्स्टपेज असं एक लूप असतं. डिस्प्ले डिक्लेअर करताना क्लासच्या नावानंतर स्वल्पविराम देऊन जो आकडा येतो तो पट्ट्याची उंची, तिथे ३७ टाक आणि बघ. लायब्ररी तुझा ड्रॉइंगचा कोड निदान आठ वेळा चालवेल, दर वेळी त्या पट्ट्यात येतील तेवढेच पिक्सेल ठेवेल आणि बाकीचे सोडून देईल. काच मात्र शेवटी एकदाच रिफ्रेश होते, आठ वेळा लुकलुकत नाही, त्याची काळजी नको. वेळ थोडा जास्त जातो पण काळ्या-पांढऱ्या काचेला स्वतःलाच पूर्ण रिफ्रेशला दोनेक सेकंद लागतात, त्यात हे खपून जातं.

आता जिथे तू नक्की अडकशील ती जागा सांगतो. सेन्सरचं रीडिंग त्या लूपच्या आत घेऊ नकोस. टाकीत अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा) सेन्सर लावणार असशील तर पाणी हलतं आणि आकडा ६९ आणि ७० च्या मध्ये नाचत राहतो. तू डिस्प्ले आडवा लावणार, पण पट्टे पडतात ते काचेच्या मूळ उभ्या मांडणीप्रमाणे, म्हणजे आडव्या बोर्डावर ते उभ्या पट्ट्या होतात. दशकाचा आकडा एका पट्ट्यात गेला आणि एककाचा पुढच्यात, आणि मधल्या काळात तू सेन्सर परत वाचलास, तर ६९ मधला ६ आणि ७० मधलं ० मिळून बोर्डावर ६० टक्के! उलट झालं तर ७९. सोसायटीत यावरून भांडणं होतील, आणि तू दोन दिवस सेन्सरची वायर तपासत बसशील. रीडिंग आधी घे, व्हेरिएबलमध्ये ठेव, मग लूप सुरू कर. लूपच्या आत फक्त ड्रॉइंग, काउंटर वाढवणं पण नको, तो निदान आठने वाढेल.

आणि रॅम वाचवायची ती बारीकसारीक ठिकाणी. अवतरणात लिहिलेलं प्रत्येक वाक्य ऊनोवर सुरुवातीलाच रॅममध्ये कॉपी होतं, म्हणून प्रिंट करताना त्याला कॅपिटल एफचा मॅक्रो लाव म्हणजे ते फ्लॅशमध्येच (प्रोग्राम साठवतात त्या मेमरीत) राहील. मोठ्या एसवाला स्ट्रिंग क्लास वापरू नकोस, जोडत गेलं की मेमरीत भोकं पडतात आणि चार दिवसांनी बोर्ड गपकन हँग होतो. साधा बारा-पंधरा अक्षरांचा कॅर अ‍ॅरे आणि एसएनप्रिंटएफ पुरे. फक्त एसएनप्रिंटएफमध्ये दशांश टाकलास तर ऊनोवर नुसतं प्रश्नचिन्ह छापून येतं, ते फ्लोटसाठी आहे असं धरूच नकोस, पूर्णांकात काम भागव. टाकी ६९.४ टक्के भरलीय हे कोणाला हवंय?

नवीन बोर्ड विकतच घ्यायचा असता तर ईएसपी३२ घे म्हटलं असतं, त्यात खोटं काही नाही. पण हातात ऊनो आहे आणि दाखवायचेत चार शब्द आणि दोन आकडे, तर तो पुरून उरतो.

प्रश्न: इंग्रजी अक्षरं छान येतात, पण "पाणी सकाळी ६ वाजता" असं मराठीत लिहिलं की नुसता कचरा दिसतो. फॉन्ट कुठला टाकू? – ऐरोली

उत्तर: फॉन्ट टाकून भागणार नाही हो. "पाणी" हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण युनिकोडमध्ये तो प, काना, ण, दीर्घ वेलांटी असा चार तुकड्यांचा आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण १२ बाइट. साधी ग्राफिक्स लायब्ररी त्या प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजते, म्हणून कचरा. ते सुधारलं तरी पुढे र्‍हस्व वेलांटी आहे, ती लिहिली जाते व्यंजनानंतर आणि काढायची असते व्यंजनाच्या आधी, मग जोडाक्षरं, मग रफार. कॉम्प्युटरवर आणि फोनवर ही मांडामांड करणारं वेगळं सॉफ्टवेअर असतं, ते ३२ केबी फ्लॅशच्या चिपवर आणायचा हट्ट करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शब्द ठरलेलेच आहेत ना? "पाणी", "सकाळी", "टाकी", "टँकर येणार", एवढेच. मग ते कॉम्प्युटरवर जाड फॉन्टमध्ये लिहा, अँटी-अलायझिंग (कडा राखाडीने मऊ करणं) बंद करा कारण इथे राखाडी रंग नाहीच, आणि एक बिटचं चित्र करून फ्लॅशमध्ये प्रोगमेम म्हणून ठेवा. ९६ बाय २४ पिक्सेलचा एक शब्द २८८ बाइटमध्ये बसतो. असे वीस शब्द केले तरी ५,७६० बाइट, फ्लॅशला सहज झेपतं आणि रॅमला धक्का लागत नाही. रुंदी ८ च्या पटीत ठेवा. चित्र उलटं आलं, म्हणजे काळ्यावर पांढरं, तर घाबरू नका, बऱ्याच कंट्रोलरमध्ये १ म्हणजे पांढरा असतो, बिट उलटवले की झालं.

आकड्यांचं मात्र सुख आहे. मराठी आकडे एकमेकांना चिकटत नाहीत, मात्रा-वेलांटी घेत नाहीत, म्हणून ० ते ९ ची दहा चित्रं केली की कुठलीही वेळ, कुठलेही टक्के जुळवता येतात. २४ बाय ३२ चा एक आकडा ९६ बाइट, दहा मिळून ९६० बाइट. घोडबंदर रोडवरून एका वाचकाने याच कामासाठी पाठवलेल्या फोटोत "टँकर" मराठीत आणि वेळ इंग्रजी आकड्यांत आहे, त्यांनीही हे करून बघावं, बोर्ड जास्त आपला वाटेल.

प्रश्न: मी रिटायर झालोय आणि हौसेने शिकतोय. लाल-काळा-पांढरा असा तीनरंगी डिस्प्ले बाल्कनीत हवामानासाठी लावलाय. चित्र बदलताना बराच वेळ झगमग करतो, बॅटरी दोन दिवसांत संपते. वीज लागत नाही म्हणूनच तर घेतला होता! – नेरुळ

उत्तर: काका, डिस्प्लेला वीज लागत नाही हे खरं आहे, पण ऊनोला लागते. ई-पेपरच्या आत अगदी बारीक कुप्यांमध्ये तेल आणि त्यात विद्युतभार असलेले रंगाचे कण असतात, व्होल्टेज दिलं की ते वर-खाली सरकतात आणि नंतर तिथेच बसून राहतात. खर्च फक्त सरकवण्याचा. ऊनो मात्र काही न करता बसला तरी यूएसबीचा चिप, रेग्युलेटर, दिवा असं सगळं मिळून ४०-५० मिलिअँपिअर खातो. २,००० एमएएचची बॅटरी भागिले ४५ करा, साधारण ४४ तास येतात. तुमचे दोन दिवस तेच.

३.३ व्होल्टचा प्रो मिनी घ्या. चिप तोच, रॅम तीच २ केबी, स्केच जवळजवळ जसंच्या तसं चालतं. त्यावरचा पॉवरचा दिवा काढून टाका आणि प्रोसेसरला झोपवत जा, चिपमधला वॉचडॉग टायमर जास्तीत जास्त ८ सेकंदांनी उठवतो, तेव्हा कितव्यांदा उठला ते मोजायचं आणि परत झोपवायचं. डिस्प्लेलाही काम झालं की हायबरनेट करा. एक लक्षात ठेवा, गाढ झोपेतून तो फक्त हार्डवेअर रिसेटनेच उठतो, त्यामुळे आरएसटीची (रिसेटची) वायर वाचवायला जाऊ नका.

झगमगीचं म्हणाल तर तीनरंगीला ती राहणारच, लाल कण सावकाश सरकतात आणि १५ सेकंदांच्या आसपास लागतातच. वर रॅमही दुप्पट, काळ्याचा एक थर आणि लालचा एक, म्हणजे २.९ इंचीला ९,४७२ बाइट, पट्टे त्या हिशोबाने निम्मे बारीक करावे लागतात. तापमानासाठी लाल कशाला हवा? मी असतो तर काळा-पांढरा घेतला असता, त्यात नुसता आकड्याचा चौकोन पार्शियल रिफ्रेशने पटकन बदलता येतो, फक्त पाचेक वेळा तसं केल्यावर एकदा पूर्ण रिफ्रेश द्यायचा नाहीतर जुन्या आकड्याची सावली मागे दिसायला लागते. आणि बाल्कनी पश्चिमेची असेल तर डिस्प्ले आत घ्या हो, या काचा साधारण ० ते ४०-५० अंशांसाठी असतात, थेट ऊन त्यांना चालत नाही आणि पावसाळ्यातली आपली दमट हवा पण फारशी मानवत नाही.

प्रश्न: सीरियलवर सारखं बिझी टाइमआउट येतंय, स्क्रीन कोरी. – घणसोली

उत्तर: आधी बिझीची वायर बघा, काच कामात आहे हे बोर्डाला तीच सांगते. ती नीट असेल तर बहुतेक ड्रायव्हरचा क्लास चुकीचा निवडलाय. एकाच मापाच्या काचा वेगवेगळ्या कंट्रोलरच्या येतात, एसएसडीवाल्या कामात असताना बिझी पिन वर ठेवतात आणि यूसी८१५१ सारख्या खाली, त्यामुळे चुकीचा क्लास असला की लायब्ररी भलत्याचीच वाट बघत बसते. फ्लेक्स केबलवर बारीक अक्षरात नंबर छापलेला असतो, त्यावरून क्लास ठरवा. आणि ऊनोच्या पिना ५ व्होल्टच्या आहेत, काच ३.३ ची, मॉड्यूलवर लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज जुळवणारा चिप) नसेल तर मध्ये लावाच.

प्रश्न: ऊनोवर ७.५ इंची, ८०० बाय ४८० वाला चालेल का? फोटो दाखवायचेत. – खारघर

उत्तर: चालेल, पण रॅम विसरूनच जा. एक चित्र ४८,००० बाइटचं, म्हणजे फ्लॅशमध्येही मावत नाही. चित्र एसडी कार्डवर ठेवा आणि एकेक ओळ वाचून थेट कंट्रोलरला ढकला, ओळ फक्त १०० बाइटची आहे. एसडीची लायब्ररी स्वतःसाठी ५१२ बाइटचा बफर घेते, ते धरूनही जागा उरते, फक्त त्याच स्केचमध्ये पट्ट्यांचा मोठा बफर ठेवू नका. एक बिटची बीएमपी फाइल केलीत तर तिच्या ओळी सहसा खालून वर लिहिलेल्या असतात, फोटो डोक्यावर उभा दिसेल, तेव्हा शेवटची ओळ आधी वाचा.

फोटोऐवजी मजकूर दाखवायचा असेल तर आणखी एक युक्ती आहे, पिक्सेल ठेवायचेच नाहीत, अक्षरं ठेवायची. १६ बाय ३२ चा इंग्रजी फॉन्ट धरला तर या काचेवर ५० अक्षरांच्या १५ ओळी येतात, म्हणजे ७५० बाइटमध्ये अख्खं पान. पाठवताना प्रत्येक अक्षराची त्या ओळीपुरती दोन बाइट फ्लॅशमधल्या फॉन्टमधून उचलायची आणि सरळ एसपीआयवर सोडायची. कळव्याच्या त्या विद्यार्थ्यालाही हे जमेल, त्याच्या २.९ इंचीवर ८ बाय १६ च्या फॉन्टने ३७ अक्षरांच्या ८ ओळी होतात, २९६ बाइटच लागतात.