दार लावून साजरा होणारा नाताळ

बाय, तुझा मेसेज दोनदा वाचला. सप्टेंबरपासून वर्षभर उत्तर जर्मनीत, कीलजवळच्या वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून जाणार, राहायला एका कुटुंबात खोली मिळालीय आणि त्यांनी आत्ताच कळवलंय की यंदाचा नाताळ आमच्याबरोबरच कर. तुला विचारायचंय की ते तीन दिवस त्या घरात वागायचं कसं, खायचं काय, न्यायचं काय. आईची काळजी वेगळी: चर्चला नेतील, मग? मी वेंगुर्ल्याची, बरीच वर्षं न्यूरेनबर्गला आहे, आणि माझीही सुरुवात अशाच एका घरातल्या वरच्या खोलीतून झाली. तेव्हा दोघींनाही एकदमच सांगते.

आधी आपल्याकडचा नाताळ डोक्यातून काढून ठेव. वेंगुर्ल्यात, मालवणात, सावंतवाडीत नाताळ म्हणजे दारावर चांदणी, अंगणात गवताचा गोठा, आणि शेजारच्या ख्रिश्चन घरातून आलेलं नेवऱ्या-कुलकुल-दोदोलचं ताट. कुणीही उठावं, कुणाच्याही घरी जावं. जर्मनीत २४ डिसेंबरच्या संध्याकाळी कुणी कुणाकडे सहज जात नाही. रस्ता ओस, बस तुरळक, प्रत्येक घर आपापलं दार लावून आत. शेजाऱ्यांशी वर्षभर कितीही छान जमत असलं तरी त्या संध्याकाळी कुणी बेल वाजवत नाही. म्हणून त्या दाराच्या आत तुला बोलावलंय ही साधी गोष्ट नाही. आणि आत गेल्यावर पाहुणी म्हणून बसून राहायची सोयही नाही. गणपतीला मुंबईहून कुणी आला आणि आरतीपासून जेवणापर्यंत खळ्यात खुर्ची टाकून मोबाईल बघत बसला, तर तुझी आजी त्याला काय म्हणेल? तेच.

मुख्य काम नोव्हेंबरात करायचं: स्पष्ट विचारायचं. आपल्याला ते जड जातं. ‘बघू, कसं ते तुम्ही ठरवा’ म्हणून आपण गप्प बसतो आणि समोरच्यानं ओळखून घ्यावं अशी अपेक्षा ठेवतो. तिथे समोरचा ओळखत नाही. तू बोलली नाहीस म्हणजे तुला काही अडचण नाही, असंच तो धरून चालतो. तेव्हा एका रविवारी कॉफीच्या वेळी सरळ विचार: तुमच्याकडे कोणत्या दिवशी काय असतं, मी कधीपासून कधीपर्यंत तुमच्यात असावं, एकमेकांना भेटी देता का, कितीपर्यंतच्या, आणि माझ्याकडे कुठलं काम द्याल. कुणाला राग येणार नाही. उलट त्यांना हायसं वाटेल, कारण तुला काय विचारावं हे त्यांनाही कळत नसतं.

घरच्यांना विचारायच्या आधी वृद्धाश्रमात विचार. तुझ्यासारख्यांना तिथे ‘बुफदी’ म्हणतात. ही सरकारी योजना २०११ पासून, सक्तीची लष्करी सेवा थांबली तेव्हापासून आहे, त्यामुळे लोकांना बुफदींची सवय आहे आणि ड्यूटी लावताना ते तुला सोडणार नाहीत. म्हाताऱ्या माणसांना नाताळातही आंघोळ, जेवण, गोळ्या लागतातच. २४ ची संध्याकाळ सगळ्यांनाच मोकळी हवी असते आणि घरी लहान मुलं असलेल्यांना आधी मिळते. ऑक्टोबरातच वरिष्ठांना सांग की २४ ची संध्याकाळ मला होस्टच्या घरी हवी आहे, बदल्यात ३१ ची किंवा १ जानेवारीची सकाळ करीन. आणि ड्यूटी लागली की लगेच घरी कळव. जेवणाची वेळ ते मिनिटावर ठरवतात.

आता दिवस कसे जातात ते सांगते. नाताळ चार रविवार आधी सुरू होतो. यंदा पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे. टेबलावर सूचिपर्णी फांद्यांचं कडं, त्यात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. ही पद्धत तुझ्या बाजूचीच आहे, हॅम्बुर्गला १८३९ मध्ये अनाथ मुलांसाठी सुरू झालेली. ५ डिसेंबरच्या रात्री मुलं बूट दाराशी ठेवतात, सकाळी त्यात चॉकलेट आणि अक्रोड सापडतात. तूही बूट ठेव, लाजू नको. याच दिवसांत घरोघर बिस्किटं भाजतात. लाटणं तुझ्या हाती दिलं तर जिंकलीस, नेवऱ्या लाटणाऱ्या हाताला ते पीठ म्हणजे खेळ.

दुकानांचं मात्र नीट लक्षात ठेव. २४ ला दुपारी दोनपर्यंत बहुतेक सगळी बंद होतात, २५ आणि २६ सुट्टी. यंदा २७ ला रविवार आलाय, म्हणजे थेट २८ च्या सोमवारीच उघडणार. तुला लागणारं सगळं, पॅडपासून मॅगीपर्यंत, २३ ला आणून ठेव.

भेटी २४ च्या संध्याकाळी उघडतात. पुष्कळ घरांत त्या दिवशी बसायच्या खोलीचं दार बंद ठेवतात, आत मोठी माणसं झाड सजवतात, मग घंटी वाजते आणि मुलं आत धावतात. अजूनही काही जण झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावतात, आणि अशा घरात शेजारी पाण्याची बादली भरून ठेवलेली असते. माझ्याकडे दक्षिणेत भेटी बाळ येशू आणतो, तुझ्याकडे उत्तरेत दाढीवाला म्हातारा. घरात लहान मूल असेल तर हे कोण आणतं यावर तोंड उघडू नकोस. एकेक जण आपली भेट सगळ्यांसमोर उघडतो, बाकीचे बघतात. आपण भेट बाजूला ठेवून देतो, पाहुणे गेल्यावर उघडतो. तिथे तसं केलंस तर आवडली नाही असं वाटेल. कागद तिथेच काढायचा, वस्तू हातात घ्यायची, दोन शब्द बोलायचे.

तू काय न्यायचं? सावंतवाडीच्या चितार आळीतून लाकडाची छोटी रंगीत फळं घे, आंबा, काजू, केळं, आणि प्रत्येकाला वर दोरा ओवून घे. झाडाला टांगता येतील. मी दिलेला एक काजू त्या घरच्या झाडावर अजून दर वर्षी लागतो, आणि आजी येणाऱ्या प्रत्येकाला त्याचं बी बाहेर का, ते माझ्याऐवजी समजावून सांगते. खाण्यात मालवणी खाजं, भाजलेले काजू, फणसपोळी, आंबापोळी, कोकमं. पेढे, खवा, तूप नको: दुधाचं आणि मटणाचं काहीही प्रवाशाला बाहेरून युरोपात आणता येत नाही, पकडलं तर जातं कचऱ्यात. ताज्या फळांनाही प्रमाणपत्र लागतं. नारळाला मात्र सूट आहे. सुक्या माशांना स्वतःपुरती परवानगी आहे, पण बंद घरात, थंडीत, खिडक्या लावलेल्या असताना तू सुका बांगडा भाजलास तर पुढची खोली शोधायची तयारी ठेव.

जेवणाचं ऐकून हसशील. एवढा मोठा सण, आणि २४ च्या रात्री कित्येक घरांत फक्त बटाट्याचं सॅलड आणि उकडलेले सॉसेज. उत्तरेत त्या बटाट्यात मेयोनीज, दक्षिणेत व्हिनेगर आणि सूप. खरं पक्वान्न २५ ला दुपारी: भाजलेलं हंस किंवा बदक, लाल कोबी, बटाट्याचे गोळे. सॉसेज बहुधा डुकराचं असतं. तू काय खात नाहीस ते नोव्हेंबरातच सांग, ‘काहीही चालेल’ म्हणू नकोस, नाहीतर ते काहीही ताटात येईल. काही घरांत तळ्यातला कार्प करतात, आणि त्याचं एक खवलं पाकिटात ठेवलं की वर्षभर पैसा टिकतो म्हणतात. देवगडच्या पोरीला ती मासळी मातकट लागेल, काटेही पुष्कळ, पण काटे काढण्यात टेबलावर तुझा हात कुणी धरणार नाही. वाईन नको असेल तर एकदाच ‘नको, धन्यवाद’ म्हण. आग्रह करत नाहीत. हेच उलटही लागू: त्यांनी एकदा वाढायला विचारलं आणि तू लाजून नाही म्हणालीस, तर भांडं पुढे जातं.

२६ च्या रात्री तू रांध. तोवर हंस खाऊन सगळे कंटाळलेले असतात. नारळाच्या दुधाचा डबा तिथे मिळतो, कोकमं तुझ्याकडे आहेत. सोलकढी आणि माशाचं सारं कर, मालवणी मसाला नेहमीच्या पाव भागानं. पण हेही आधी विचारून.

आता आईसाठी. काकी, चर्चला ते विचारतील, ओढणार नाहीत. उत्तरेत चर्चला जाणारे बहुतेक प्रोटेस्टंट, आणि त्यातले कित्येक स्वतःच वर्षातून त्या एका दिवशी जातात. चार-पाच वाजताच्या प्रार्थनेला मुलं येशूजन्माचं नाटुकलं करतात, गाणी होतात, तासाभरात संपतं. पोरीनं जावं, सगळे उठले की उठावं, बसले की बसावं. फक्त कुठे पाव आणि वाईन देत असतील तर प्रसाद समजून हात पुढे करू नये, तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो. जायचं नसेल तर घरी थांबून बटाटे सोलले तरी कुणी काही म्हणत नाही.

आणि बाय, फोन. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे. त्यांची मुख्य वेळ संध्याकाळी सहाची, तेव्हा देवगडात साडेदहा, आई जागी राहून वाट बघत बसेल आणि तू टेबलावरून उठू शकणार नाहीस. दुपारी दोनला बोलून घे, घरी दिवेलागण झालेली असते. तिथे चारलाच अंधार पडतो आणि नेमका तेव्हा जीव कासावीस होतो. २५ किंवा २६ ला जेवणानंतर ‘मी दोन तास फिरून येते’ असं सांगून बाहेर पड. त्यांनाही थोडं आपल्याआपल्यात बसायचं असतं, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही. समुद्र जवळच आहे, फक्त तो बाल्टिक, भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. सुकती बघून मुळे, म्हणजे शिंपल्या, काढायला जायची सवय असेल तर तो समुद्र आजारी वाटेल.

थंडीचे कपडे घरून घेऊ नकोस, तिथे जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगले मिळतात. ड्यूटीचं ऑक्टोबरात काय ठरलं ते कळव. ३१ ची रात्र गळ्यात पडली तर त्याबद्दल वेगळं सांगते. त्या रात्री ती शांत माणसं रस्त्यावर जे फटाके उडवतात, ते बघून तुला आपली नरकचतुर्दशी सौम्य वाटेल.