गस्त उभी राहत नाही

कोल्हापूरच्या एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. पोलिसांची कार्यपद्धती आणि नागरिकांशी त्यांचे संबंध यांवर अमेरिकेत जे संशोधन झालं, त्याचा त्या मराठीत आढावा लिहीत आहेत. 'पेट्रोलिंग'साठी त्यांनी 'गस्त' वापरला. मार्गदर्शकांनी तो सगळीकडे खोडून 'पहारा' केला. कारणं दोन दिली: गस्त रात्रीचीच असते आणि शब्द फारसी आहे. 'कम्युनिटी पोलिसिंग'ला, म्हणजे लोकांना सोबत घेऊन चालणाऱ्या पोलीसकामाला, काय म्हणायचं, हेही त्यांना विचारायचं आहे.

गस्तच लिहा. जिथे जिथे खोडलाय तिथे तिथे परत घाला.

पहारा एका जागी असतो आणि गस्त फिरती असते, एवढा साधा फरक आहे. तो न समजल्यामुळेच रोज संध्याकाळी बातम्यांत 'शहरातील चौकाचौकांत गस्त तैनात करण्यात आली आहे' हे वाक्य कानावर आदळतं. तैनात माणसं होतात, तुकडी होते. १८०२च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाच्या गळ्यात पडली तीही तैनाती 'फौज' होती. गस्त म्हणजे फौज नव्हे, ती फिरण्याची क्रिया आहे. गस्त घालतात, गस्तीवर जातात, गस्तीवर असतात. चौकात उभ्या असलेल्या चार शिपायांना गस्त म्हणणं म्हणजे बसलेल्या माणसाला फेरी म्हणणं आहे. 'बंदोबस्त तैनात' हीदेखील त्याच कारखान्यातली चूक. बंदोबस्त ठेवतात किंवा लावतात.

'पहारा' आला 'प्रहर'वरून. दिवसाचे आठ प्रहर, प्रत्येक तीन तासांचा, आणि त्या तीन तासांपुरती एका ठिकाणाची राखण ज्याच्याकडे तो पहारेकरी. मुळात शब्द वेळेचा आहे आणि माणूस दारापाशी, वेशीपाशी, खजिन्यापाशी उभा आहे. रात्रीशी घट्ट नातं कुठल्या शब्दाचं असेल तर ते याचं, कारण प्रहर मोजत जागायचं ते रात्रीच. गस्तीला दिवसरात्र काही नाही. तटरक्षक दलाच्या गस्ती नौका भर दुपारी समुद्रात असतात, त्यांना कुणी पहारा नौका म्हणत नाही. दिवसा नसती तर मराठीत 'रात्रगस्त' असा वेगळा शब्द करायची गरजच पडली नसती.

आणि या प्रबंधात तर 'पहारा' घातला की विषयच मरतो. या क्षेत्रातला पायाभूत प्रयोग फिरण्याबद्दलच आहे. मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये शहराच्या एका भागातल्या पंधरा बीट, म्हणजे गस्तीसाठी आखून दिलेले टापू, निवडल्या आणि त्यांचे पाच-पाचचे तीन गट केले. पहिल्या गटात पोलिसांची गाडी फक्त बोलावलं तरच जायची. दुसऱ्या गटात नेहमीच्या दुप्पट-तिप्पट फिरायची. तिसऱ्यात नेहमीसारखी. वर्षभराने हिशेब मांडला तेव्हा गुन्ह्यांत, लोकांच्या भीतीत, पोलिसांबद्दलच्या समाधानात लक्षात घेण्याजोगा फरक कुठेच सापडला नाही. गाड्या कमी झाल्या की वाढल्या, हे रहिवाशांच्या ध्यानातही फारसं आलं नव्हतं. आता याचं 'पहारा कमी केला तरी फरक पडला नाही' असं मराठी करून बघा. वाचणाऱ्याला वाटेल की बँकेच्या दारावरचा शिपाई काढून घेतला.

पुढे न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात पोलीस गाडीतून उतरून पायी फिरले. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की गुन्हे घटले नाहीत, पण लोकांची भीती कमी झाली आणि पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. माझ्या दृष्टीने पोलीस आणि लोक यांच्या नात्यावर इतकं बोलणारा दुसरा निष्कर्ष नाही. मग २००९च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात पायी गस्तीसाठी हिंसक गुन्ह्यांची साठ ठिकाणं निवडली आणि तुलनेसाठी तशीच आणखी साठ नुसती पाहिली. गस्त घातली तिथे हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी कमी झाले. फरक केला तो गस्त कुठे घालायची याच्या निवडीने. या सगळ्यात फिरणं, वळणं, पुन्हा त्याच ठिकाणी येणं हाच गाभा आहे, आणि तो 'गस्त' या शब्दाच्या हाडांत आहे.

आता फारसीचा आक्षेप. मला खरं तर इथेच यायचं होतं.

फारसी 'गश्तन' म्हणजे फिरणे, वळणे. त्यातून 'गश्त', आणि मराठीच्या जिभेवर 'गस्त', जसं 'गुमाश्ता'चं गुमास्ता झालं, 'बरदाश्त'चं बरदास्त झालं. इथपर्यंत कोणताही कोश सांगेल. कोश जिथे थांबतात तिथून गंमत सुरू होते. फारसीत शब्दाच्या सुरुवातीचा जुना 'व' पुष्कळ ठिकाणी 'ग' झाला आहे. संस्कृत वृक, फारसी गुर्ग, दोन्हीचा अर्थ लांडगा. संस्कृत वराह, फारसी गुराज, दोन्ही रानडुक्कर. हाच नियम लावून 'गश्तन' मागे न्या, आणि समोर उभा राहतो तो आपला 'वृत्' धातू. वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन, वृत्त, वर्तणूक ही सगळी गस्तीची सख्खी भावंडं. मराठी 'वाट'सुद्धा 'वर्त्मन्'मधून त्याच घरची. अर्थाचा प्रवासही जुळतो. संस्कृतात 'वर्तते' म्हणजे फिरतो, आणि मग नुसतंच 'असतो, घडतो'. फारसीत 'गश्तन' म्हणजे फिरणे, आणि मग नुसतंच 'होणे'. जर्मन 'वेर्डेन', होणे, तोही याच कुळातला. तीन भाषांनी फिरण्यातून होणं काढलं.

आणि पोलीस ठाण्यातला सर्वांत नेहमीचा शब्द घ्या: गुन्हा. फारसी 'गुनाह', त्याचं जुनं रूप 'विनाह', आणि त्याचं संस्कृत भावंड 'विनाश'. तोच 'व', तोच 'ग'. ठाण्यात जाऊन 'गुन्हा नोंदवा' म्हणणारा माणूस विनाशाचीच नोंद करायला सांगत असतो.

तेव्हा 'फारसी म्हणून नको' म्हणणाऱ्यांनी आधी आपलं घर तपासावं. ते 'पोलीस' शब्द बिनदिक्कत लिहितात. तो इंग्रजीतून आला, तिथे फ्रेंचमधून, आणि मूळ ग्रीक 'पोलिस' म्हणजे नगर. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृत 'पुर्'शी लावतात, म्हणजे कोल्हापुरातल्या 'पुरा'शीच. परका म्हणून हाकलायला गेलं तर भाषेत मोजकेच शब्द उरतील, आणि त्यांतलेही बरेच चुलतभाऊ निघतील.

आता ज्या मुद्द्यावर माझे अनेकांशी वाद झाले तो मांडतो. गस्त आणि गर्दी हे एकाच क्रियापदाचे शब्द आहेत. फारसी क्रियापदाला दोन अंगं असतात, एक भूतकाळाचं आणि एक वर्तमानाचं. 'गश्तन'चं भूतकाळाचं अंग 'गश्त', वर्तमानाचं 'गर्द'. पहिल्यापासून गस्त. दुसऱ्याला 'ई' लावून 'गर्दी'. ही जोडी समजायला 'बंदोबस्त' बघा, त्यात दोन्ही अंगं शेजारी बसली आहेत: 'बस्तन' म्हणजे बांधणे, त्याचं 'बंद', मग 'ओ' म्हणजे आणि, मग 'बस्त'. बांध आणि बद्ध. लग्नाचा 'बस्ता' बांधतात तोही त्यातलाच.

गर्दी म्हणजे आज आपण खूप माणसं समजतो, पण तो उतरलेला अर्थ आहे. जुना अर्थ उलथापालथ, धुमाकूळ, सगळं फिरून जाणं. 'नादिरगर्दी' म्हणजे नादिरशहाने जमवलेली माणसं नव्हेत, त्याने माजवलेला हाहाकार. १७६१च्या पानिपतानंतर उत्तरेत 'भाऊगर्दी' म्हणत ती सदाशिवरावभाऊंच्या वेळची उलथापालथ. आज तोच शब्द 'इच्छुकांची भाऊगर्दी' असा छापतात आणि पानिपत कुणाच्या मनातही येत नाही.

माझा सर्वांत भक्कम पुरावा पोलिसांच्याच भाषेत आहे. दंग्याच्या कलमाखाली नोंद झाली की मराठी ठाण्यांत त्याला 'गर्दी मारामारीचा गुन्हा' म्हणतात. फिर्यादीत 'गैरकायद्याची मंडळी जमवून' असं वाक्य येतं. कायद्याने अशी मंडळी व्हायला पाच माणसं पुरतात. जुन्या दंड संहितेत पाच, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही पाचच. पाच माणसांना कुठला मराठी माणूस गर्दी म्हणेल? एसटीच्या थांब्यावर पाच जण असले तर आपण थांबा रिकामा आहे म्हणतो. म्हणजे 'गर्दी मारामारी'तली गर्दी संख्येची नाहीच, ती दंग्याची आहे. जुना अर्थ ठाण्याच्या वहीत जिवंत राहिला आणि बाहेर मेला.

यावर दोन पक्ष माझ्या अंगावर येतात. एक म्हणतो, गारदी करतात ती गर्दी. हे चूक आहे. गारदी युरोपी 'गार्द'वरून आले, पहारेकरी या अर्थाने, आणि १७७३ साली नारायणरावाचा खून त्यांनी केला म्हणून भाषेतले सगळे दंगे त्यांच्या नावावर लावता येत नाहीत. दुसरा पक्ष अधिक शहाणा आहे. तो म्हणतो, फारसी 'गर्द' म्हणजे धूळ, आणि बखरींतलं 'गर्दीस मिळवणे' म्हणजे धुळीस मिळवणे. तो एक वाक्प्रचार धुळीचा असेल, मी नाकारत नाही. पण 'नादिरगर्दी'त धूळ घालून अर्थ लागतो का? 'दहशतगर्दी', 'आवारागर्दी' या उर्दू शब्दांत लागतो का? आवारागर्दी म्हणजे उगाच भटकणं, तिथे फिरण्याखेरीज दुसरा अर्थच बसत नाही. एका वाक्प्रचारासाठी अख्खं कुटुंब धुळीत लोटायला मी तयार नाही.

'पेट्रोल'चंही दोन ओळींत सांगतो. फ्रेंच 'पात्रुइये', म्हणजे चिखलात पाय बुडवत फिरणं. वाहनात भरतो त्या पेट्रोलशी त्याचा संबंध नाही. नेवार्कच्या पोलिसांनी गाडीतून उतरून शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत दिला.

एक आक्षेप तुमच्या मार्गदर्शकांनी घेतला नाही, पण कुणीतरी घेईल. गुन्हेशास्त्रज्ञ ख्रिस्टोफर कोपर यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातल्या निरीक्षणांवरून दाखवलं की गुन्ह्यांच्या ठिकाणी पोलीस दहा ते पंधरा मिनिटं थांबून निघून गेला तर त्याचा परिणाम मागे चांगला टिकतो, आणि त्याहून जास्त थांबल्याने फायदा वाढत नाही. मग हे थांबणं पहारा नाही का? नाही. निघून जाणं ठरलेलंच आहे. गस्तीत मुक्काम असतो, तो मिनिटांचा असतो. आपल्याकडे बीटवरचा अंमलदार एटीएमपाशी ठेवलेल्या वहीत सही करून पुढे जातो, किंवा आता फोनवर कोड स्कॅन करतो, तेही थांबूनच. ती गस्तच.

'कम्युनिटी पोलिसिंग'ला 'समुदाय पोलिसिंग' लिहू नका. मराठीत समुदाय म्हटलं की आता जात नाहीतर धर्म डोळ्यांपुढे येतो, आणि इथे नेमका त्यांच्या पलीकडचा शेजार अभिप्रेत आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे यांनी पोलीस उपायुक्त असताना वस्तीवस्तीत दोन्ही धर्मांची माणसं आणि पोलीस एकत्र बसवले, त्याला नाव दिलं 'मोहल्ला समिती'. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. जागेचं नाव घेतल्याने तो शब्द लोकांना आपला वाटला. केरळने २००८ मध्ये आपल्या योजनेला 'जनमैत्री' म्हटलं, तेही चांगलं. प्रबंधात संकल्पना म्हणून 'लोकसहभागी पोलीसकाम' लिहा, आणि भिवंडीचा उल्लेख येईल तिथे मोहल्ला समिती हेच नाव ठेवा.

'प्रिव्हेंटिव्ह पेट्रोल' म्हणजे प्रतिबंधक गस्त. 'हॉटस्पॉट', म्हणजे गुन्हे वारंवार घडतात ती जागा, हा शब्द ठाण्यांत जसा म्हणतात तसाच राहू द्या. 'फूट पेट्रोल'ला कुणी 'पदगस्त' सुचवेल, ते घेऊ नका. सरळ 'पायी गस्त' लिहा.