चाळीस एकर, चार मित्र आणि ४०१-के

वाचकाचं पत्र, थोडं आवरून: "वय ५२. डेट्रॉइटजवळ नोव्हीत राहतो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. पस्तिशीत प्लांटमधल्या तिघा सहकाऱ्यांबरोबर दर शरदात धनुष्यबाण घेऊन हरणाच्या शिकारीला जायचो. पुढे मुलींचे शनिवार-रविवार क्लासमध्ये जायला लागले आणि ते सुटलं. आता तिघं पुन्हा बोलावतायत, पण सोबत एक प्रस्तावही आहे. उत्तर मिशिगनच्या मॉन्टमरेन्सी काउंटीत चाळीस एकर रान १,६०,००० डॉलरला मिळतंय, चौघांत प्रत्येकी ४०,०००. तेवढी रोकड नाही, म्हणून ४०१-के मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती-बचत खात्यातून, कर्ज काढावं म्हणतो. खात्यात ४,१०,००० आहेत, सध्या कंपनी आपल्याकडून जोड (मॅच) घालते तेवढ्यापुरतंच भरतो. अडीअडचणीसाठी बँकेत २८,०००, घरखर्च महिना साडेसहा हजार. थोरली कॉलेजात आहे, धाकटी दोन वर्षांनी जाईल. आई सांगलीजवळ एकटी असते, मदतीला बाई ठेवलीय. निवृत्तीनंतर हिवाळे तिकडेच काढायचे आहेत. तिघांतला थोरला ६८ वर्षांचा. दुसरा म्हणतो, जमीन नको तर दक्षिणेला हिल्सडेलकडे एका शेतकऱ्याची ऐंशी एकर शिकारीपुरती वर्षाला २,००० ला मिळते. बायको म्हणते, हरणं मारायला चाळीस हजार? काय करू?"

नमस्कार.

शिकारीला जा. जमीन यंदा घेऊ नका. आणि पुढे कधी घेतलीत तरी ४०१-के च्या कर्जातून घेऊ नका.

वहिनींचा प्रश्न बिनतोड आहे, पण त्याचा रोख चुकलाय. हरणं मारायला चाळीस हजार लागतच नाहीत. मिशिगनच्या रहिवाशाला शिकारीचं मूळ, म्हणजे बेस लायसन्स ११ डॉलरला आणि एका हरणाचं २० ला मिळतं. दोन हरणांचं कॉम्बो हवं असेल तर ४०. हे दर २०१४ पासूनचे आहेत. तुमचा जन्म १९६० नंतरचा, त्यामुळे हंटर सेफ्टीचा (शिकारीतल्या सुरक्षेच्या शिक्षणाचा) दाखला लागतो, पण जुनं लायसन्स दाखवलं की भागतं. तळघरातला कंपाउंड बो, म्हणजे चाकं-केबलवालं धनुष्य, पंधरा वर्षांत कोणी ओढलेला नाही असं धरतो. तो तसाच ओढून बघायचा मोह आवरा. स्ट्रिंग आणि केबल वाळलेल्या असतात, आणि त्या ओढताना तुटल्या तर धनुष्यही जातं आणि कदाचित डोळाही. दुकानात धनुष्य दाबून धरणाऱ्या प्रेसवर चढवून दोन्ही बदलून घ्या, धनुष्याच्या वरच्या-खालच्या बाहूंना तडे गेलेत का ते बघायला सांगा. दीड-दोनशे डॉलर पुरावेत. पूर्वी सत्तर पौंडाला ओढत असाल तर आता पन्नासला आणा. इथल्या व्हाइट-टेल हरणाला तेवढं पुरतं आणि खांदा वाचतो. नवे बाण, पाती आणि मचाणावर बांधायचा पूर्ण अंगाचा हार्नेस धरून सहाशे-सातशेत हंगाम उभा राहतो. नवा बो घेतलात तर नेम धरायची साइट आणि बाण टेकवायची रेस्ट धरून दोन हजाराच्या घरात जाल. त्यात उत्पादकाच्या किमतीवर ११ टक्के केंद्रीय अबकारी करही असतो. १९३७ च्या कायद्याने बंदुकांवरच्या या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला, पुढे सत्तरच्या दशकात तो कर धनुष्यांवरही आला, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. कर भरताना बरं वाटावं असे प्रसंग कमी असतात, हा त्यातला एक. तरी यंदा जुनाच वापरा.

जागेसाठी तर खिशात हात घालायचीही गरज नाही. मिशिगनमध्ये राज्याच्या मालकीचं जंगलच सुमारे ३९ लाख एकर आहे, शिवाय ह्युरॉन-मॅनिस्टी राष्ट्रीय वन, आणि दोन्हीकडे शिकारीला मुभा आहे. तुम्ही ज्या काउंटीत चाळीस एकर बघताय तिथेही राज्याचं रान पसरलेलं आहे. मचाणावर नाव-पत्ता लावावा लागतो आणि चांगली जागा दुसऱ्याने आधी धरली तर बोलता येत नाही, एवढीच त्यातली गैरसोय.

मग चाळीस हजार कशाचे? मला वाटतं, ते मित्रांना "मी परत आलोय" हे सांगायचे आहेत. इच्छा चांगली आहे, पण तिच्यासाठी खरेदीखत करायची गरज नाही.

आता जमीन. विकणाऱ्याने तुम्हाला गेल्या वर्षीचं टॅक्सबिल दाखवलं असणार आणि ते नगण्य दिसलं असणार. मिशिगनमध्ये १९९४ च्या प्रपोजल ए या करसुधारणेपासून मालक तोच असेपर्यंत करपात्र मूल्य वर्षाला महागाईइतकंच वाढू शकतं, तेही फार तर पाच टक्के. त्यामुळे जुन्या मालकाचं बिल जुन्याच काळात अडकून राहतं. खरेदीनंतरच्या वर्षी ही मर्यादा उठते आणि करपात्र मूल्य बाजारभावाच्या निम्म्यावर जाऊन बसतं. तुमच्या बाबतीत म्हणजे ८०,००० वर. त्यात हे तुमचं राहतं घर नाही, म्हणून शाळांचा १८ मिलचा कर (एक मिल म्हणजे करपात्र मूल्याच्या हजारामागे एक डॉलर) माफ होत नाही. नुसता तोच वर्षाला १,४४० होतो. काउंटी, टाउनशिप आणि बाकीचे धरून एकूण चाळीस मिलच्या आसपास गेलं, जे अशा जमिनीला अगदी शक्य आहे, तर ३,२०० डॉलर. तुमचा वाटा ८००. त्यावर दायित्व विमा, फाटक, वाट साफ करणं, वादळात पडलेली झाडं हटवणं. वर्षाला बाराशे धरून चला, शिकारीला गेलात तरी आणि नाही गेलात तरी. वीस एकरांच्या वर जंगल असेल तर क्वालिफाइड फॉरेस्ट योजनेत शाळेच्या करातून बरीच सूट मिळते, पण त्यासाठी वनव्यवस्थापन आराखडा करून तो पाळावा लागतो आणि मधेच बाहेर पडलं की मागचा कर वसूल होतो. सही करण्याआधी टाउनशिपच्या असेसरला, म्हणजे करासाठी मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करून "विक्रीनंतर बिल किती?" एवढं विचारा. फुकट उत्तर मिळतं आणि बहुतेक खरेदीदार विचारत नाहीत.

याहून मोठी गोष्ट भागीदारीची. सामाईक सातबाऱ्यावर चार नावं चढली की पुढच्या पिढीत काय होतं, हे सांगलीकडच्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. मिशिगनमध्येही चौघांच्या नावे सरळ खरेदी झाली तर कुणीही एक जण कोर्टात वाटणी मागू शकतो, आणि वाटणी जमत नसेल तर कोर्ट जमीन विकून पैसे वाटायला लावतं. तुमच्यातला थोरला ६८ चा आहे. उद्या त्याचा हिस्सा त्याच्या मुलांकडे जाईल. त्यांना नोव्हेंबरात मचाणावर बसायची हौस असेलच असं नाही. पैसे हवे असतील. दुसऱ्या कुणाचा घटस्फोट होईल, तिसरा फ्लोरिडाला जाईल. तुम्ही स्वतः हिवाळे सांगलीला काढायचं म्हणताय. यात वाईट कुणीच नाही, वयच तसं आहे.

जमिनीसाठी एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्वाची छोटी कंपनी, काढली तर थोडं सोपं होतं, पण फक्त तेव्हा, जेव्हा करारात चार गोष्टी नीट लिहिलेल्या असतात: बाहेर पडणाऱ्याला किंमत कोण आणि कशी ठरवून देणार, ती किती वर्षांत, वारसांना नुसते पैसे की जागाही, आणि कुणी वार्षिक खर्च थकवला तर काय. या कलमांवर जे मित्र हसतील, "आपल्यात कसलं आलंय कलम" म्हणतील, त्यांच्याबरोबर शिकारीला खुशाल जा, जमीन घेऊ नका. आणखी एक: एलएलसीतले निम्म्याहून जास्त हिस्से हळूहळू जरी बदलले तरी कराची ती मर्यादा पुन्हा उठते.

बोव्हाइन टीबीचा, म्हणजे गुरांच्या क्षयाचा, विषय तुम्ही काढला नाहीत. मॉन्टमरेन्सी, अल्पीना, अल्कोना, ऑस्कोडा या ईशान्येकडच्या काउंट्यांमधल्या रानहरणांत तो नव्वदच्या दशकापासून आहे. राज्याचं खातं हरणाचं डोकं तपासून देतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण तपासणीशिवाय मांस घरी आणू नका. खाली दक्षिणेतही क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा जीवघेणा रोग आहे, मिशिगनच्या रानहरणांत तो २०१५ मध्ये पहिल्यांदा सापडला. तिथेही हाच नियम. आणि हरणांना ओढायला गाजरं-बीट टाकायची तुमची जुनी पद्धत असेल तर ती विसरा: लोअर पेनिन्सुलात (मिशिगनच्या दक्षिणेकडच्या मोठ्या भागात, मॉन्टमरेन्सी आणि हिल्सडेल दोन्ही त्यातच) २०१९ पासून आमिष टाकायला बंदी आहे. "आपली जमीन, आपण काहीही टाकू" हे चालत नाही.

कर्जाचं बघू. ४०१-के मधून निम्मी शिल्लक किंवा ५०,०००, यात जे कमी तेवढं काढता येतं, म्हणजे नियमाने तुम्हाला ४०,००० मिळतील. राहत्या घरासाठी नसेल तर परतफेड पाच वर्षांत. व्याज साडेआठ टक्के धरलं तर हप्ता महिना ८२० च्या आसपास. व्याज आपल्याच खात्यात जमा होतं हे खरं, आणि म्हणूनच लोकांना हे कर्ज फुकट वाटतं. पण तुम्ही गाड्यांच्या धंद्यात आहात. नोकरी गेली तर उरलेलं कर्ज त्या वर्षाचं टॅक्स रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत फेडावं लागतं. नाही जमलं तर ती रक्कम उत्पन्न धरली जाते, तिच्यावर आयकर आणि ५२ व्या वर्षी वर १० टक्के दंड. ज्या महिन्यात पगार थांबेल त्याच महिन्यात हे घड्याळ सुरू होईल, आणि हाताशी रान असेल जे उत्तर मिशिगनमध्ये चार आठवड्यांत विकलं जात नाही.

महिना ८२० बाजूला काढायची तुमची ताकद आहे, हे मात्र या पत्रातून मला कळलं, आणि मला तीच बातमी महत्त्वाची वाटते. पन्नाशीनंतर २०२६ साली ४०१-के त २४,५०० अधिक ८,००० असे ३२,५०० भरता येतात, आणि तुम्ही मॅचपाशी थांबलाय. आधी बँकेतले २८,००० वाढवून ३९,००० करा, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च. आज ते जेमतेम सव्वाचार महिने आहेत, आणि आईकडे अचानक जायचं तिकीट त्यातूनच निघणार आहे. ८२० दराने याला साधारण तेरा-चौदा महिने लागतील. मग तेच ८२० ४०१-के च्या खात्यात वळवा. सहा टक्क्यांनी पाच वर्षांत त्याचे ५७,००० च्या आसपास होतात.

हिल्सडेलचा प्रस्ताव तुम्ही पत्राच्या शेवटी उरकून टाकलात, मला तो सगळ्यात आवडला. तुमच्या वाट्याला वर्षाला ५०० येतात. नोव्हीहून दीड तास, मॉन्टमरेन्सीला साडेतीन. मका-सोयाबीनचा मुलूख असल्याने दक्षिणेत हरणं जास्त आणि अंगानेही भरलेली. शनिवारी पहाटे जाऊन दुपारी धाकटीच्या कार्यक्रमाला परतता येतं. वर्षाचाच करार करा, पण लेखी करा: किती जण, कुठे मचाण, गाडी कुठवर आणायची, पाहुणा चालेल का. शेतकरी दायित्व विमा मागेल. नाही मागितला तरी काढा. भाडं, लायसन्स, पेट्रोल, एखादं हरीण कापून-पॅक करून घेण्याचे शंभर-दीडशे, सगळं धरून वर्षाला १,५०० चं वेगळं खातं करा, महिना १२५. त्यातून नवा बो बसवायचा तर बसवा, मी विचारणार नाही.

मांसाचा हिशेब करून मात्र वहिनींची समजूत घालायला जाऊ नका. एका मध्यम हरणाचं चाळीसेक पौंड मांस निघतं, पण घरात खाणारे तुम्ही एकटे असाल तर फ्रीझर मार्चपर्यंत भरलेला राहील. रानहरणाचं मांस विकता येत नाही. दान करता येतं. ते घेऊन फूड बँकेला पोचवणारे खाटीक आहेत, तुमच्या मित्रांना माहीत असतील.

विम्यात एकच बघा. शिकाऱ्यांना होणाऱ्या गंभीर दुखापतींत मचाणावरून पडणं अगदी वर आहे. कंपनीचा डिसेबिलिटी विमा पगाराच्या किती टक्के आणि किती महिने देतो, ते एचआरला विचारून ठेवा. हार्नेस जमिनीवरच बांधायचा, वर पोचल्यावर नाही. किंवा सरळ जमिनीवरच्या लपणात बसा, गुडघेही खूश राहतील.

दोन हंगाम असे काढा. तोवर धाकटीच्या कॉलेजचा आकडा कळलेला असेल, चौघांचं अजून जमतंय का तेही. त्यानंतरही जमीन हवीशी वाटली, पैसे रोख असले आणि करारावर चौघांच्या सह्या झाल्या, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा मी लगेच नाही म्हणणार नाही.

तारखांचं वहिनींशी आधीच बोलून ठेवा. बाणाच्या हंगामाचा पहिला टप्पा १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर, १५ ला बंदुकवाले उतरतात. नर माजावर येऊन दिवसाढवळ्या फिरतात तो आठवडा नोव्हेंबरच्या सुरुवातीचा, आणि मित्र रजा मागतील ती तेव्हाच. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, रविवारी. तो शनिवार-रविवार मित्रांना आत्ताच नाही म्हणून टाका. आणि धनुष्य सप्टेंबरात दुकानात नेऊ नका, तेव्हा सगळं मिशिगन रांगेत असतं. ऑगस्ट लागला की न्या.